दहाव्याला मॅकरॉन

फौजेतून निवृत्त झालेल्या हंबीररावांनी सांगली-मिरजेच्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. लेकीच्या, अंकिताच्या दहाव्याला पिंडाशेजारी तिच्या आवडीची मॅकरॉन ठेवायची होती, आणि तीही सगळ्यांत चांगली. बदामाच्या पिठाची ही रंगीत बिस्किटं अंकिता पुण्याहून आणायची.

"आबा, एक तरी खावा की!"

"जनावराच्या औषधाची गोळी हाय का गं ही?" म्हणत ते डबा परत सारायचे.

मिरजेत बेकरीवाल्या सरफराजनं बशी पुढं केली. "चाखून बघा, मामा."

"मला काय कळतंय? मी कवा खाल्लीच न्हाई."

"मग चांगली कुठली, ते ठरवणार कसं?"

हंबीरराव शेवटी प्रत्येक बेकरीतली एकेक घेऊन आले.

घाटावर कावळा शिवेना. तुझ्या आईला जपू, धाकट्याला शिकवू, अशी भावकीनं हात जोडून वचनं दिली. कावळा आपला फांदीवरच. तेव्हा हंबीरराव उठले आणि पानावरची एक मॅकरॉन उचलून त्यांनी तोंडात टाकली.

"आवं, आधी कावळ्यानं खायचं असतं!" भाऊबंद ओरडले.

"खातोय गं, अंके," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "लय ग्वाड हाय."

कावळा खाली उतरला, तेव्हा ते दुसरी खात होते.