कापायला घेतलेला पूल

गॅस कटर पेटवून माझ्याकडचे कटरवाले सोपानमामा पुलाच्या कडेला बसले होते आणि मी खालून ओरडत होतो, "मामा, थांबा! बंद करा ते!"

आमच्या तालुक्याच्या गावातला, निजामाच्या काळचा हा लोखंडी पूल तोडायचं टेंडर मी घेतलं होतं. एका काठाला बाजारपेठ, दुसऱ्या काठाला आमचा मोहल्ला. टोकाच्या दगडी खांबाला तडा गेला, म्हणून पूल धोकादायक ठरला. मी हमालीतून भंगाराच्या धंद्यात आलेला माणूस. एवढं लोखंड पुन्हा हाती लागणार नव्हतं.

पण कापण्याआधी मी रिव्हेट वाजवून बघतो. रिव्हेट म्हणजे तापवून ठोकलेली, बिनआट्याची जाड खीळ. सैल असली की बद्द वाजते. इथली एकेक घंटेसारखी वाजत होती. मग दगड का फुटला?

पूल जिथं खांबावर टेकतो, तिथं चढलो. दर रंगरंगोटीला सिमेंट थापून तो कोपरा गुळगुळीत केलेला. छिन्नीनं फोडला. आत लाटण्यासारखे लोखंडी रोलर! उन्हानं लोखंड वाढतं, तेव्हा पूल त्यांच्यावरून सरकतो. ती वाटच बुजवल्यावर तो दगडाला रेटणार नाही तर काय?

रोलर घासले, डिझेल ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरून खांबावर खडूची सरळ रेघ ओढली. दुपारी तिचे दोन तुकडे झाले होते. अर्धं बोट अंतर. आवाज नाही, हादरा नाही. एवढं धूड आमच्या डोळ्यांदेखत सरकलं आणि आम्हाला कळलंही नाही. 

"भाई, ह्यो तर जित्ता हाय," सोपानमामा म्हणाले. "जित्त्याला कसं कापायचं?"

काम थांबल्याचं कळलं आणि बांधकाम खात्याचे इंजिनिअर साहेब आले ते तापूनच. "तुम्हाला तोडायला सांगितलंय, तपासायला नाही."

"साहेब, मी रुपयासाठी तासभर भांडणारा माणूस. आज स्वतःच्या नुकसानीसाठी भांडायलोय. जरा वाकून रेघ तर बघा!"

ते वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

पुढं तपासणी झाली. खांब नव्यानं बांधला. पूल पायी आणि सायकलवाल्यांसाठी राहिला, माझं टेंडर रद्द झालं. उद्घाटनाच्या फलकावर साहेबांचं नाव आहे, सिमेंट थापणाऱ्या रंगाच्या ठेकेदाराचंही आहे. माझं नाही. भर मंडपात मी तसं बोललो, तर मला चहा दिला.

धंदेवाल्यानं मालाचं वजन बघावं. माल बघत बसू नये.