लेखी सरांचा साचा

"लेखी दे," हे सरांचं पालुपद. इथं आखातात, रुसैलच्या आमच्या ऑफिसात कुणी तोंडी रजा मागितली, की लेखी दे. बसमध्ये जागा धरा म्हटलं, तरी लेखी दे! म्हणून आम्ही त्यांना लेखी सर म्हणायचो. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, 'इन्शाल्ला, होऊन जाईल' म्हणाला, की हा माणूस हसत कागद पुढे सरकवायचा. अर्बाब मुकाट सही करायचा.

गोदामांच्या कामासाठी सरांनी एक साचा बनवला होता. नवं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, की फोल्डर, चाचण्या, सेटिंग सगळं त्यातून आयतं मिळायचं. तो सगळ्यांना मिळावा म्हणून त्यांनी कंपनीची परवानगी घेतली, अर्थातच लेखी, आणि नेटवर टाकायचं काम मला दिलं. मी टाकला. लायसन्सबियसन्स, म्हणजे वापरायची लेखी परवानगी, काही जोडलं नाही. सगळ्यांना दिसतंय म्हणजे सगळ्यांचं झालं, अशी माझी अक्कल! आठवड्याभरात बरका गावातल्या एका कंपनीची मेल आली. साचा आवडला, पण लायसन्स नाही म्हणून वकील हात लावू देत नाही.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, आमच्या गावचं तळंही उघडंच होतं. आजोबांना रोज दिसायचं. पाणी भरायचा हक्क नव्हता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी दुसरं टोक गाठलं. सगळ्यांत कडक लायसन्स शोधलं: साचा वापरा, पण त्यावर केलेलं तुमचं कामही जगाला खुलं करा. सर म्हणाले, "पातेलं उसनं दिलं म्हणून शेजारणीच्या कालवणावर हक्क सांगशील?"

तेव्हा सरांचं काँट्रॅक्ट खलास होत आलं होतं. ते गेल्यावर इथं त्यांचं काय उरणार, हीच मला टोचणी. म्हणून मी तिसरं लायसन्स पुढे केलं: काहीही करा, फक्त सरांचं नाव ठेवा. हट्टच धरला.

"प्रत्येकाच्या कामावर माझं नाव? हॅट! नावाचीही अट नको." त्यांनी बिनअटीच्या लायसन्सवर बोट ठेवलं. "नकार लेखी देऊ का?" मला हसू आलं आणि रडूही.

सर गावी परतले. परवा सहम गावातल्या एका दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं. उघडते तर आमचाच साचा! सरांचं नाव कुठंच नाही. तसाच फोन लावला.

"सर, त्या माणसाला तुम्ही कोण, हे ठाऊकसुद्धा नाही हो."

"वापरायला कुणाची परवानगी मागावी लागली का त्याला?"

"नाही."

"मग झालं की," सर म्हणाले.