चौकडीच्या शर्टातली बाई

फुलसावंगीच्या सत्यशीलाबाईंना आपण शास्त्रज्ञ आहोत हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही अंगणात तांदूळ निवडताना. सांगायला आली ती प्रियंका नावाची मुलगी, थेट पुण्याहून. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप, आणि बोलण्यात एवढा उत्साह की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या मंडळींची तिची संस्था. ही मंडळी एक वार्तापत्र काढतात, कुठे काय काम चाललंय ते छापतात, शाळांत जाऊन पोरांना मेंदू समजावून सांगतात. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतराच्या डिसेंबरात, त्यांनी मनावर घेतलं होतं की विज्ञानात काम करून विसरल्या गेलेल्या बाया शोधून काढायच्या.

“मंग माह्याकडे कायले आली तू?” सत्यशीलाबाईंनी विचारलं. प्रश्न वाजवी होता. बाईंचं शिक्षण सातवी, आणि सगळी हयात कापूस वेचण्यात गेलेली.

प्रियंकानं पिशवीतून एक फोटो काढला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींत दोन बाया उभ्या होत्या. वेचणीला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, म्हणजे बोंडांची टोकं हाताला लागत नाहीत, आणि डोक्यातोंडाला फडकं गुंडाळतात. या दोघींचे नुसते डोळे दिसत होते. एकीच्या अंगात निळ्या चौकडीचा शर्ट, दुसरीच्या अंगात मळका पांढरा. मागच्या बाजूला, फोटो काढणाऱ्या डॉक्टर शीलाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सत्यशीला आणि वच्छला, फुलसावंगी, २००४, दुसरा वेचा. प्रश्न चौकडीच्या शर्टातल्या बाईचे.’

शीलाबाई म्हणताच सत्यशीलाबाईंना सगळं आठवलं. म्हणजे, सगळं आठवलं असं त्यांना वाटलं. कापसाचे ते वाईट दिवस होते. नागपूरची ही डॉक्टरीण बाई फवारलेल्या कपाशीत दिवसभर राबणाऱ्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतो ते पाहायला गावात आली होती. हातात छापील कागद. आज तारीख कोणती? महिना कोणता? आपण कितव्या मजल्यावर आहोत? हे कुणाला विचारायचं, तर भर शेतात कंबरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बायांना. कुणाला तारीख माहीत नव्हती आणि मजल्याचं ऐकून बाया तोंडावरचं फडकं दाबून हसल्या. कागदाच्या हिशेबानं अख्खी टोळी भ्रमिष्ट ठरली. शीलाबाई रडकुंडीला आल्या.

तेव्हा दुपारी भाकर खाताना टोळीतली एक बाई म्हणाली होती, “बाई, तारीख कायले इचारता आमाले? कोणता वेचा चालू हाय ते इचारा. उजव्या ओळीत कोण, डाव्या ओळीत कोण, काल कोणाच्या डब्यात कोणती भाजी होती, कोणत्या धुऱ्यावरून आत शिरलो, हे इचारा. आमच्यातली हुकली तं समजा का तिचं काही बिघडलं.” वेचणाऱ्या बाया दिवस मोजतात ते वेच्यांनी. पहिला वेचा, दुसरा, तिसरा. आणि टोळीत एकीची ओळ ठरली की मोसमभर शेजारीण बदलत नाही. शीलाबाईंनी जेवता जेवता सात प्रश्न लिहून घेतले आणि छापील कागद मिटून ठेवला. त्या सात प्रश्नांवर त्यांनी प्रबंध लिहिला. तो कुठल्याशा कपाटात पडला, शीलाबाईही पुढे वारल्या, आणि आता तेरा वर्षांनी पुण्याच्या लोकांना तो सापडला होता. शहराचं माप बाजूला ठेवून शेतातलं माप घेणारी ती पहिलीच चाचणी, असं प्रियंका म्हणत होती. म्हणून शीलाबाईंचा सन्मान, आणि सोबत त्या बाईचाही.

“ती बाई तुम्हीच ना काकू?”

वाक्य सत्यशीलाबाईंना शब्दन् शब्द आठवत होतं. ते कुणाच्या तोंडून निघालं, ते काही केल्या आठवेना. आपणच बोललो असू. टोळीत लिहिता-वाचता येणारी आपण एकटी. पण वच्छलाबाईही काही कमी फटकळ नव्हती. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. स्वतःलाच ओळखू येऊ नये, ही काय तऱ्हा झाली? मग खिशावरचं ठिगळ दिसलं.

“हा शर्ट तं आमच्या यायचा,” त्या म्हणाल्या. “ठिगळ म्याच लावलं होतं.”

झालं. प्रियंकानं त्यांचे हात हातात घेतले. कार्यक्रम रविवारी, यवतमाळला. मुलगा संघदीप आतून धावत आला आणि चहा होईतो त्यानं चार नातेवाइकांना फोनही लावले. बाईंचे यजमान देवराव जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांच्या फोटोला संघदीपनं नवा हार घातला. दुसऱ्या दिवशी गावात लोक सत्यशीलाबाईंना सायंटिस बाई म्हणायला लागले. बाईंना ते आवडलं. का आवडू नये? जन्मभरात कुणी त्यांना गड्यापेक्षा कमी मजुरी सोडून काही दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बोहारणीला द्यायचे कपडे काढताना त्यांचा हात थबकला. तो चौकडीचा शर्ट त्यांच्या घरातून गेला होता. बोहारणीकडे नव्हे. तो त्यांनी वच्छलाबाईला दिला होता.

वच्छलाबाईच्या घरी स्वतःची चार एकर शेती, आणि सुनेनं पुरुषाचा शर्ट अंगात घालावा हे सासरी खपत नसे. नवरा नानाजी तर त्या गोष्टीचं नावही काढू देत नसे. बिचारीचे हात बोंडांनी ओरबाडून निघायचे. म्हणून सत्यशीलाबाईंनी गुपचूप देवरावांचा शर्ट नेऊन दिला. शेतात घालायचा, निघताना काढून सत्यशीलाबाईंच्या पिशवीत टाकायचा, असं दोघींचं ठरलं होतं. हे कोणत्या वेच्याला झालं? फोटोच्या आधी की नंतर? डोकं अगदी भंजाळून गेलं. आणि त्या भंजाळलेल्या डोक्यातच दुसरी गोष्ट वर आली.

तो देवरावांचा फवारणीचा शर्ट होता. ते लोकांच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारायला जात तेव्हाचा. दोनदा धुऊनही त्याचा वास गेला नव्हता. चांगला शर्ट द्यायला जिवावर आलं, म्हणून तो दिला. तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं? पण या मोसमात फवारणी करून माणसं दवाखान्यात पडली, काही गेली, आणि ते कपडे वेगळे ठेवा, अंगाला लागू देऊ नका, हे आता गावात पोरंसोरंही सांगत होती. आणि वच्छलाबाई? ती दोन वर्षांपासून माणसं विसरायला लागली होती.

फोटोतली बाई आपणच असावी, असं आता सत्यशीलाबाईंना जिवाच्या आकांतानं वाटू लागलं. आपण असलो, तर मान आपला आणि शर्टही तोवर आपल्याच अंगात. वच्छला असली, तर मान तिचा, आणि पाप आपलं. शर्टानंच बिघडलं हे कोण सांगणार? प्रियंकाला विचारलं असतं, पण विचारायचं काय? दोन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही.

शनिवारी सकाळी त्या वच्छलाबाईच्या घरी गेल्या. सून निकितानं दारातच सांगितलं, “मावशी, आज त्या कोणालेच वळखून नाही राह्यल्या.”

वच्छलाबाई ओसरीवर उन्हात बसली होती. तिनं पाहुणीकडे पाहिलं आणि नजर वळवली. सत्यशीलाबाई समोर बसल्या. मग शीलाबाईंचे, की आपले, की तिचे, ते प्रश्न त्यांच्या तोंडी आले.

“वच्छलाबाई, कोणता वेचा चालू हाय वं?”

“दुसरा,” वच्छलाबाई लगेच म्हणाली. यंदा बोंडअळीनं दुसऱ्याच वेच्यानंतर शेतं संपवली होती, तेव्हा उत्तर बरोबर होतं की तेरा वर्षं चुकलेलं, देव जाणे.

“तुह्या उजव्या ओळीत कोण हाय?”

“सत्यशीला.”

समोर बसलेल्या सत्यशीलेनं पदर तोंडाशी धरला. मग विचारलं, “तुह्या अंगात काय हाय?”

वच्छलाबाईनं आत सुनेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “शर्ट. सत्यशीलीनं देल्ला. नागपूरच्या बाईनं फोटू काढला त्यातच. घरी सांगजो नोको.” मग म्हणाली, “वास येते त्याले. मस्तक फिरते माहं. पण तिले नाही सांगत म्या. येवढ्या मायेनं देल्ला, तिले वाईट वाटन.”

सत्यशीलाबाई रडल्या. निकिता पाणी घेऊन बाहेर आली आणि कोण कशासाठी रडतंय ते न कळून तशीच उभी राहिली.

घरी येऊन त्यांनी प्रियंकाला फोन लावला. शर्टातली बाई वच्छला, मी नव्हे, असं सांगितलं. “पण काकू, शर्ट तर तुमच्या घरचा म्हणालात,” प्रियंका म्हणाली. “शर्ट आमचाच,” सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि पुढे सगळं सांगितलं, वासासकट. मग प्रियंकानं एवढंच सांगितलं की एका शर्टावरून असं काही ठरवता येत नाही, हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. विज्ञानाकडे जाऊनही गोंधळ होता तेवढाच राहिला. संघदीपनं मात्र दिवसभर आईशी अबोला धरला.

रविवारी निकिता आणि सत्यशीलाबाई वच्छलाबाईला मधे बसवून एसटीनं यवतमाळला गेल्या. सभागृह भरलं होतं. पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं, मग शीलाबाईंचा फोटो, मग त्या दोघींचा. वच्छलाबाईचं नाव पुकारलं, निकितानं तिला वर नेलं. टाळ्यांनी ती बावरली. माइकसमोर उभी राहून ती उजवीकडे बघू लागली. तिथं कुणी नव्हतं.

“उजव्या ओळीत कोण हाय?” तिनं विचारलं. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, आणि मेंदू जाणणाऱ्या एवढ्या माणसांत कुणालाच उत्तर आलं नाही.

सत्यशीलाबाई उठल्या. पायऱ्या चढून तिच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा ती शांत झाली. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर नवीकोरी शाल घातली. तिनं शालीचं टोक नाकाशी नेलं, हुंगलं, आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे झुकून हळूच म्हणाली,

“याले वास नाही येत. सत्यशीलीले सांगजो.”

“सांगीन,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.