थंड हवेचं ठिकाण नको

क्रांती चौकात बद्रीनाथचं सहलींच्या बुकिंगचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘थंड हवेची ठिकाणं’. मार्च लागला की लोक त्याच्याकडं गारवा मागायला येतात. यंदा राजेंद्र आणि निशा आले. दर रविवारी डोंगर पालथे घालणारं जोडपं. बद्रीनाथनं आधी मनाली दाखवलं, मग महाबळेश्वर.

“थंड नको, भाऊ,” निशा म्हणाली. “आम्ही दोघं शेंद्र्याला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहोत. बारा महिने स्वेटर अंगावर असतो. आम्हाला ऊन पाहिजे. मोकळं रान, तंबू टाकता येईल असं.”

बद्रीनाथनं सगळी पत्रकं चाळली. उन्हाचं ठिकाण एकातही नव्हतं.

“मग करमाडला माझंच रान हाय,” तो म्हणाला. “सावलीला एक झाड नाय. खुशाल ऱ्हावा.”

दोघं खूश होऊन गेली.

घरी जेवताना त्यानं हे बायकोला, सुरेखाला, हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

“परवाच त्या रानात हरभरा उपटून आले मी,” ती म्हणाली. “फिरायला जायचं ठिकाण हाय व्हय ते?”