साबणाशेजारची नानकटाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या नानकटाईला सगळ्या नात्यात मागणी होती. धंदा करायचं मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी माझे मिस्टर बातमी घेऊन आले, की श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतीत नवशिक्यांना कमी भाड्यानं गाळे देतात. वीज, पाणी तयार, ऑफिसात टेलिफोन, आणि अडलंनडलं सांगायला मॅनेजर. दिवाळीच्या आतच आम्ही दोघी जावांनी तिथं भट्टी पेटवली.

मॅनेजरसाहेबांना कुणाचं नाव लक्षात राहत नसे. ते व्हरांड्यात येऊन मालाच्या नावानंच हाका मारत. "नानकटाई, फोन!" म्हटलं की मी पिठाच्या हातांनी धावायची.

आमच्या डावीकडे साबणवाले होते. कपड्यांचा साबण, त्यात गवती चहाचं झणझणीत तेल. आमचा पहिला माल एसटी स्टँडवरच्या हॉटेलात गेला आणि संध्याकाळी ट्रेसकट परत आला.

हॉटेलवाला म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक विचारतंय, ही चहात बुडवायची का बादलीत?"

मी एक तुकडा तोंडात टाकला, तर जिभेवर गवती चहा आणि साबण. जाऊबाई पदर खोचून तडक साबणवाल्यांच्या दारात.

"तुमच्या साबनानं आमचा माल नासला!"

"आणि तुमच्या तुपानं माझा!" ते उसळले. "या, बघा. वड्यांना मुंग्या लागल्यात. साबणाला मुंग्या लागलेल्या पाहिल्यात कधी?"

जाऊबाईंनी वाकून पाहिलं. मुंग्या खरंच होत्या. त्यांना हसू फुटलं, पण भांडण चालू असल्यामुळे त्यांनी ते पदरात दाबलं.

आवाज ऐकून मॅनेजरसाहेब आले. त्यांनी नानकटाई खाल्ली, साबण हुंगला. आता एकाला गाळा सोडावा लागणार, अशी माझी खात्री झाली. साहेबांनी मात्र पलीकडच्या गाळ्याकडे तोंड करून हाक मारली, "पत्रा! ए पत्रा!"

पत्र्याच्या ट्रंका करणारा तरुण बाहेर आला. त्याच्या ट्रंका खपत नव्हत्या, म्हणून दिवसभर तो दारात उभा असायचा.

"घट्ट झाकणाचे डबे करशील? ह्यांना नानकटाईला, त्यांना साबणाला."

"करीन की!" तो म्हणाला, आणि आमचं मत न विचारताच माप घ्यायला लागला.

डब्यांनी वास अडवला, मुंग्याही अडवल्या. शिवाय डब्यातला माल मोडत नाही म्हटल्यावर तो एसटीच्या टपावरून घोडेगावच्या बाजारापर्यंत जाऊ लागला. पत्रेवाल्यानं हाताखाली दोन कारागीर घेतले. आम्हीही जवळच्या वस्तीतल्या चार बायका कामाला लावल्या. त्यातल्या एकीचा हात जाऊबाईंपेक्षा हलका निघाला, तेव्हा जाऊबाईंनी दोन दिवस पिठाला हात लावला नाही.

मग एके दिवशी साहेबांनीच विषय काढला. "तुमचं बस्तान बसलं. आता गाळा नव्या माणसाला द्यायला हवा."

"म्हंजी चांगलं चाललं म्हनून हाकलताय व्हय?"

"व्हय," साहेब जाऊबाईंच्याच बोलीत म्हणाले.

जाऊबाई रुसल्या. तरीही पावसाळ्याच्या आत आम्ही स्टेशनरोडला जागा घेतली. भट्टीची पूजा झाली, साहेब जेवायला आले. वाढता वाढता जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "हितनं आता कुनी उठवायचं न्हाई."

साहेबांनी मान डोलावली आणि आणखी एक पुरणपोळी मागितली.