व्हर्नल बोगल आणि संघाचा फोटो

व्हर्नल बोगल आठवड्याचे पाच दिवस हॉलब्रुकच्या फाउंड्रीत लोखंड ओतायचा आणि उरलेले दोन दिवस माणसांचे फोटो काढायचा. पहिल्या कामावर घर चालायचं, दुसऱ्यावर त्याचा तोरा. एकोणीसशे सत्तावन्न साली तो जमैकाहून इंग्लंडला आला तेव्हा त्याच्या पेटीत दोन शर्ट, एक बायबल आणि मामाने दिलेला जुना कॅमेरा होता. शर्ट विरले, बायबल बायकोने ताब्यात घेतलं, कॅमेरा तेवढा त्याचा राहिला.

आमच्या टॅनरी स्ट्रीटवर त्याच्या घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. क्रोशाचे रुमाल, काचेचा मासा आणि खिडकीखाली भलामोठा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच लाकडी कपाटात. त्या रेडिओग्रामवर कोपर टेकवून आमच्यातल्या प्रत्येकाने फोटो काढून घेतला आणि गावी आईला पाठवला. तिकडे जमैकातल्या सेंट एलिझाबेथमध्ये आयांची पक्की खात्री झाली होती की इंग्लंडमध्ये उतरल्याबरोबर सरकार प्रत्येकाला एक रेडिओग्राम देतं. कुणीही ती खात्री मोडली नाही. थंडीत कुडकुडत एका खोलीत चौघं राहतोय हे आईला कळवून काय मिळणार होतं?

लोक त्याच्याकडे यायचे ते मात्र रेडिओग्रामसाठी नव्हे. गावातल्या गोऱ्या दुकानात फोटो काढला की आमचा सूट यायचा, टाय यायचा, दातसुद्धा यायचे, चेहरा तेवढा यायचा नाही. व्हर्नल म्हणायचा, "कॅमेऱ्याचा काही दोष नाही. उजेडाचं माप घेतात गोऱ्या गालावर आणि फोटो काढतात आपला. दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून कुणी कधी रुबाबदार दिसलंय का?" तो माप आमच्या गालावर घ्यायचा. एवढंच त्याचं गुपित. त्यावर त्याने वीस वर्षं नाव कमावलं आणि बायको आयसिल्डाचे टोमणे खाल्ले. "मिस्टर बोगल, तुझ्या त्या कोळशाच्या खोलीत एकदा कोळसा ठेवून बघ, घर तरी गरम होईल," ती म्हणायची. जिन्याखालची कोळशाची खोली ही त्याची डार्करूम होती.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात, फाउंड्रीला पंधरा दिवसांची सुट्टी असताना, मर्टल विंट त्याच्याकडे आली ती हातात एक चौकट घेऊन. मर्टल ही त्याच्या गावची, इथल्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स. तिचा मुलगा रॅन्सफर्ड हा हॉलब्रुक टाऊन फुटबॉल क्लबकडून खेळणारा पहिला काळा खेळाडू. वय वर्षं एकोणीस, उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा पळायचा. समोरच्या गावचे लोक तो पळायला लागला की माकडाचे आवाज काढायचे, कधी केळी फेकायचे. आपल्याच गावचे काही त्याला चेंडू मिळाला की गप्प बसायचे आणि गोल झाला की टाळ्या वाजवायचे. आमच्यातली माणसं मैदानावर जायची ती चार-पाचजण मिळून, एकट्याने कुणी जात नसे. मर्टल तर कधीच गेली नाही.

चौकटीत मागल्या वर्षीचा संघाचा फोटो होता. पांढऱ्या शर्टातली सोळा माणसं. पंधराजणांना चेहरे होते. मागच्या रांगेत सोळाव्या शर्टाच्या वर, चेहऱ्याच्या जागी, शाईचा डाग पडला होता आणि त्या डागात दोन डोळे होते.

"हा माझा पोरगा आहे म्हणे," मर्टल म्हणाली. "खाली नाव लिहिलंय म्हणून कळतं. क्लबच्या दारात हाच टांगलाय, पेपरात हाच छापतात. परवा पुन्हा फोटो आहे आणि हा म्हणतो, मी जाणार नाही, पाय दुखतोय म्हणून सांगेन."

"दुखतोय का?"

"पायाला काय झालंय! घोड्यासारखा आहे. पण फोटोला गेला नाही तर मॅनेजर म्हणेल, बघा, यांना संघाबरोबर राहायचंच नसतं. तो माणूस निमित्तच शोधतोय. व्हर्नल, तू काहीतरी कर."

व्हर्नलने रॅन्सफर्डला गाठून विचारलं, तेव्हा तो आधी बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अंकल, ओरडतात त्याचं काही नाही. ते वाऱ्याबरोबर जातं, पाच मिनिटांनी ऐकूही येत नाही. पण तो फोटो भिंतीवर राहतो ना. मी रोज सकाळी त्याच्याखालून आत जातो."

व्हर्नल म्हणाला, "एकदा उभा राहा. मी काढतो. त्यात तू तुला दिसला नाहीस, तर मी स्वतः जाऊन तो भिंतीवरून उतरवतो."

बोलून तर बसला. पण क्लबचा फोटोग्राफर गेली बावीस वर्षं ठरलेला, आणि व्हर्नलला त्या दारातून आत कोण घेणार? रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चर्चचा सूट आणि हॅट घालून तो क्लबचे सेक्रेटरी मिस्टर ऑलपोर्ट यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

ऑलपोर्ट माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा नुसता मान हलवत राहिला. "मिस्टर बोगल, मलाही वाईट वाटतं हो. पण मुलाचा रंगच तसा, त्याला कॅमेरा तरी काय करणार?"

व्हर्नलने खिशातून लग्नाचा एक फोटो काढून टेबलावर ठेवला. नवरी गोरीपान, पांढऱ्याशुभ्र झग्यात. नवरा फाउंड्रीतला, व्हर्नलहून काळा. नवरीच्या झग्यावरची लेस मोजता येत होती आणि नवऱ्याच्या गालावरची खळीही.

"हासुद्धा कॅमेऱ्यानेच काढलाय," व्हर्नल म्हणाला.

ऑलपोर्टनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमच्या माणसाचं झालं की तुम्ही काढा. सोमवारी दहा वाजता मला फोटो हवा. त्यानंतर मात्र छापखाना थांबणार नाही."

व्हर्नल बाहेर आला आणि रस्त्यातच भिंतीला टेकून उभा राहिला. हसू आवरत नव्हतं.

जो देश वर्षातले दहा महिने सूर्याला गोधडीत गुंडाळून ठेवतो, त्या देशात नेमकं त्या शुक्रवारी रखरखीत ऊन पडलं. पांढरे शर्ट असे चमकत होते की बघवेना. क्लबच्या फोटोग्राफरचं आटोपलं तसा व्हर्नल पुढे झाला आणि नम्रपणे म्हणाला, "बाकं उचलून तिकडे प्रेक्षकांच्या स्टँडच्या सावलीत घ्यावी लागतील."

मॅनेजर म्हणाला, "काय?"

"सावलीत सगळ्यांचे चेहरे येतात साहेब. तुमचासुद्धा. उन्हात तुमच्या टकलाचा नुसता दिवा होतोय."

जाडजूड गोलकीपर खो-खो हसत सुटला आणि त्यानेच बाकाचं एक टोक उचललं. "चला रे! राणीचे खास फोटोग्राफर आलेत!" रॅन्सफर्डने दुसरं टोक धरलं. बाकं हलली. व्हर्नलने रॅन्सफर्डच्या गालाजवळ मीटर धरून माप घेतलं आणि आठ फोटो काढले. घरी येऊन आयसिल्डाने पुढ्यात ठेवलेलं मटण त्याने चाटूनपुसून संपवलं, तेव्हा तिला कळलं की काम फत्ते झालं.

खरं काम पुढेच होतं. काळ्या चेहऱ्याला पुरेल एवढा उजेड दिला की गोरे चेहरे निगेटिव्हवर फार दाट होतात, उजेड आरपार जाऊ देत नाहीत. कागदावर त्यांना जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ काळ्या चेहऱ्यावर सावली धरावी लागते, नाहीतर, कागद उजेडाने काळा होत असल्यामुळे, तो पुन्हा शाईचा डाग. त्यासाठी व्हर्नलकडे एक हत्यार होतं: सायकलच्या तारेच्या टोकाला चिकटवलेली नाण्याएवढी पुठ्ठ्याची चकती. रविवारी चर्चमधून येऊन तो थेट जिन्याखाली शिरला. ती चकती रॅन्सफर्डच्या चेहऱ्यावर धरून हलवत त्याने नेहमीप्रमाणे दहा आकडे मोजले. थाळीतल्या रसायनात कागदावर हळूहळू सोळा माणसं उमटली, सोळाच्या सोळा चेहरे घेऊन. व्हर्नलचा जीव भांड्यात पडला. त्या अंधारात तो एकटाच मोठ्याने "थँक यू जीझस" म्हणाला.

जेवायला मर्टल आणि रॅन्सफर्ड आलेच होते. मागच्या अंगणात रॅन्सफर्ड भिंतीवर बसून कोंबडीची तंगडी खात होता. व्हर्नलने ओला फोटो मर्टलच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिला.

मर्टलने तो उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाली, "पोरगा देखणा आहे. कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"माझा नाही हा. माझा काय दुधाच्या चहाच्या रंगाचा आहे? आगीतून निघून फुफाट्यात पडलो की रे आपण! त्या गोऱ्याने माझ्या पोराला काळोखात बुडवला आणि तू साबणाने धुऊन काढलास."

व्हर्नलला राग आला. "वीस वर्षं सगळ्यांचे असेच काढतोय! कधी कुणी तक्रार केली?"

"कोण करणार? सगळ्यांना तेच तर हवं होतं." मर्टलचा आवाज खाली आला. "मलासुद्धा. एकोणसाठ साली तू माझा काढलास, मी किती खूश झाले. आईने काय लिहिलं माहीत आहे? 'पोरी, तू आजारी आहेस का? अंगात रक्त उरलं नाही का?' मी पत्र कुणाला दाखवलं नाही."

व्हर्नलला पहिल्यांदाच कळलं की आपला हात काय करत आलाय. चेहरा दिसावा म्हणून सहा आकडे पुरायचे. उरलेले चार तो गिऱ्हाईक उजळ दिसून खूश व्हावं म्हणून धरायचा. इतकी वर्षं धरून धरून ते चार आकडे त्याच्या मनगटात बसले होते. रॅन्सफर्डने मागितले नव्हते तरी त्यालाही दिले गेले. व्हर्नलला लाज वाटली. उद्या दहा वाजता फोटो द्यायचा होता.

जेवण तसंच टाकून तो जिन्याखाली गेला. पूर्ण फोटो न छापता त्याने कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर नुसता रॅन्सफर्डचा चेहरा: एकीला चार आकडे, एकीला पाच, सहा, सात. सगळ्या घेऊन तो अंगणात आला आणि एकेक पट्टी पोराच्या गालाला लावून बघू लागला.

"अंकल, मी काय भिंत आहे का, रंग बघायला!" रॅन्सफर्ड म्हणाला.

"गप बस. आणि ते तेल पूस तोंडावरचं, माझा अंदाज चुकतोय."

"मिस्टर बोगल, दुसऱ्या बाजूने लावून बघ," आयसिल्डा दारातून ओरडली. "त्या गालावर ऊन नाही."

चार आकड्यांची पट्टी अंधारी. सातची मर्टलने हातानेच बाजूला सारली. पाच आणि सहा तिने गालाच्या दोन्ही बाजूंना धरल्या, मागे सरली, पुन्हा जवळ आली. मग सहाची पट्टी तिने छातीशी धरली आणि खाली बसली. "हा," ती म्हणाली. "हा माझा."

संध्याकाळच्या आत पूर्ण फोटो छापून झाला. कपाळावरची लहानपणीची खूण, फुटू पाहणारी मिशी, आवळलेला जबडा, सगळं होतं. रॅन्सफर्डने तो दोन्ही हातांनी धरून पाहिला. पाहतच राहिला.

"मम्मी," तो हळूच म्हणाला, "मी असा घाबरलेला दिसतो?"

मर्टलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वर्षभर दिसतोयस. मला माहीत होतं. बाकी कुणाला तू दिसतच नव्हतास."

व्हर्नल घाईने म्हणाला, "बाकी सात निगेटिव्ह आहेत बाळा. एकात तू हसतोयस."

रॅन्सफर्डने नाकाने एक लांब श्वास सोडला. खूप दिवसांनी ओझं खाली ठेवावं तसे त्याचे खांदे उतरले. "नको अंकल," तो म्हणाला. "हाच द्या. मी आहे हा."

सोमवारी पावणेदहाला व्हर्नलने फोटो ऑलपोर्टच्या टेबलावर ठेवला आणि हॅट हातात धरून उभा राहिला. ऑलपोर्टनी पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली, मॅनेजरचं टक्कल पाहून मिशीत हसले. मागच्या रांगेशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. ते वर्षभर रोज सकाळी त्या मुलाला "गुड मॉर्निंग" म्हणत होते. आत्ता त्यांनी चष्मा काढून फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला.

"अरे देवा," ते म्हणाले, "केवढंसं पोर आहे हे!"