दसऱ्याचा रंग अन् बंद पडणारी पिकअप

मोटर स्टँडवरच्या भावांनो, आज हा फळा मी घेतो. भाड्याचे दर उद्या लिहा.

माझी जुनी पिकअप तीन हप्त्यांपासून खड्ड्यात आदळली का बंद पडे, अन् मग आपोआप चालू होये. बॅटरी बदलली, प्लग बदलले, लिंबू-मिरची बांधली. काही फरक नाही.

आज सकाळी मेहुणीले बाळंतपणासाठी किरनापूरहून बालाघाटच्या दवाखान्यात आणून राह्यलो होतो. अर्ध्या रस्त्यात गाडी बंद. मेहुणी कण्हून राह्यली, अन् मी बोनट उघडून उगाच तारा हलवून राह्यलो.

बाजूले बसलेली बायको म्हणाली, "दसऱ्याले तुम्ही रंग मारला ना, तवापासूनच हे अशी करते."

मी खाली वाकलो. पूजेसाठी गाडी चमकवताना मी बॅटरीची अर्थिंगची तार खोलून चेसिसले, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यालेही, रंग मारलता, अन् तार त्या रंगावरच कसलती. तारेले लोखंड लागतच नव्हतं. पेचकसानं रंग खरवडला, तार आवळली. गाडी एका सेल्फात सुरू झाली, ते थेट दवाखान्यातच थांबली.

दुपारी मुलगी झाली. मायलेकी बऱ्या आहेत.

तीन हप्ते मी या स्टँडवरच्या एकेकाले विचारत फिरलो. जे रोज बाजूले बसते, तिले काहून नाही विचारलं? तुमच्यापैकी कोणी विचारते काय?